पाजणाऱ्या आईची पंधरा मिनिटं

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

सोलापूरकराला नवी पेठ सांगावी लागत नाही. लग्नाचा बस्ता असो, दिवाळी असो, की जानेवारीतल्या गड्ड्याच्या आधीची खरेदी असो, पाय आपोआप इकडे वळतात. साड्या, तयार कपडे, चपला, मोबाइल, सगळं एकाला एक लागून. काउंटरमागे उभ्या असलेल्या मुली आपल्याला साडीची घडी मोडून दाखवतात, ‘ताई, हा रंग तुम्हाला खुलून दिसेल’ म्हणतात, आणि आपण पिशवी घेऊन बाहेर पडतो. त्यांच्यातल्या एखादीचं पाच-सहा महिन्यांचं बाळ घरी सासूच्या मांडीवर आहे, सकाळपासून तिच्या अंगावर दूध साचलंय आणि ठणका लागलाय, हे आपल्याला कळायचं काही कारण नसतं. बहुतेक वेळा तिच्या मालकालाही ते कळत नाही, कारण ती ते सांगत नाही.

आज बोलायचं आहे ते तिच्याबद्दल. अंगावर पाजणाऱ्या आणि तरीही रोज कामावर जाणाऱ्या आईला कायद्याने काय मिळतं, काय मिळत नाही, आणि जे मिळत नाही ते नवी पेठेसारख्या बाजारात कसं जमवता येईल, एवढाच विषय आहे.

आधी दूध कसं येतं ते बघू, कारण बाकीचं सगळं त्याच्यावर उभं आहे. ज्यांच्या घरी गाय-म्हैस आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. धार काढायला परका माणूस बसला, बाजूला गोंगाट झाला, की गाय पान्हा चोरते. वासरू समोर आलं, अंग चाटायला मिळालं, की तीच गाय पान्हा सोडते. बाईच्या शरीरातही हेच घडतं. प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक दूध तयार करतं आणि ऑक्सिटोसिन नावाचं दुसरं संप्रेरक ते बाहेर सोडतं. हे दुसरं मोठं मानी आहे. भीती, घाई, लाज, दाराबाहेर कुणीतरी उभं आहे ही जाणीव, यातल्या कशानेही ते अडतं. दूध असतं, पण उतरत नाही.

दुसरी गोष्ट विहिरीसारखी. उपसा होत राहिला की झरे मोकळे राहतात. स्तन भरलेलेच राहिले तर शरीर असं समजतं, की एवढ्या दुधाची गरज नाही, आणि ते दूध करणं कमी करतं. त्याआधी काय होतं ते प्रत्येक आईला माहीत आहे. स्तन दगडासारखे होतात, गाठी येतात, कपडे भिजतात. तसंच दुर्लक्ष झालं तर दाह होतो, थंडी वाजून ताप भरतो, डॉक्टरांकडे जावं लागतं. आणि दोन-चार आठवडे दिवसाचे नऊ-दहा तास उपसाच झाला नाही, तर दूध खरोखर आटतं. मग घरात ठरून जातं, ‘हिला दूधच नाही.’ अंगात काही कमी नव्हतं, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. कमी पडली ती दिवसातली चाळीस-पन्नास मिनिटं.

बाळाला पहिले सहा महिने फक्त आईचं दूध द्यावं, पाणीसुद्धा नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि त्यानंतर वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही पाजत राहावं असं सांगते. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, सहा महिन्यांच्या आतल्या बाळांपैकी सुमारे ६४ टक्के बाळं देशात निव्वळ आईच्या दुधावर होती. म्हणजे तीनातल्या एका बाळाला त्याआधीच वरचं काहीतरी सुरू झालेलं असतं. कधी पाणी घातलेलं गाईचं दूध, कधी पावडरीचं, कधी चहात बुडवलेलं बिस्किटसुद्धा. दूध पावडरीच्या आणि बाटलीच्या जाहिरातींवर आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. पण आई दहा तास घराबाहेर असेल तर जाहिरातीची गरजच काय? पावडर आपोआप घरात येते.

यावर उपाय साधा आहे: कामाच्या ठिकाणी दूध काढून ठेवायचं आणि घरी न्यायचं, म्हणजे दुसऱ्या दिवशी ते बाळाला मिळतं. सहा महिन्यांच्या आतलं बाळ दिवसाला साधारण पाऊण लिटर दूध पितं. आई दहा तास नसेल तर तीनशे मिलिलिटरच्या आसपास मागे ठेवावं लागतं. तेवढ्यासाठी दर तीन तासांनी, म्हणजे कामाच्या वेळात दोन-तीनदा, पंधरा-वीस मिनिटं बसावं लागतं. पंप असलाच पाहिजे असं नाही. हात साबणाने स्वच्छ धुऊन, अंगठा आणि बोटं स्तनाग्राच्या मागे थोडी लांब ठेवून, आधी छातीकडे दाबत मग एकमेकांकडे दाबून, उकळून घेतलेल्या झाकणाच्या स्टीलच्या डब्यात दूध काढता येतं. आरोग्य केंद्रातल्या नर्सताई किंवा आशाताई हे दाखवून देतात, आणि एकदा जमलं की हात बसतो. हाताने चालवायचा पंप मिळाला तर वेळ वाचतो. विजेचा किंवा बॅटरीचा त्याहून सोयीचा. पण कुठल्याही पंपाचे दुधाला लागणारे भाग प्रत्येक वेळी धुतलेच पाहिजेत.

आता सोलापूरच्या उन्हाळ्याचं काय? पुस्तकात लिहिलेलं असतं, की काढलेलं दूध साध्या हवेत चार तास टिकतं. ही साधी हवा म्हणजे पंचवीस अंश! आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो आणि पत्र्याच्या माळ्यावर तर विचारूच नका. तेव्हा इथे उन्हाळ्यात काढलेलं दूध बाहेर ठेवूच नये. रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये किंवा बर्फाच्या डब्यात, बर्फाच्या पिशव्यांच्या मधे डबा बसवला तर दिवसभर आणि घरी पोचेपर्यंत ते चांगलं राहतं. दुकानात किंवा शेजारच्या शीतपेयवाल्याकडे फ्रिज असेल तर फारच उत्तम. दारातल्या कप्प्यात न ठेवता आत मागच्या बाजूला ठेवावं. फ्रिजमध्ये चार दिवसांपर्यंत चालतं. डब्यावर तारीख-वेळ लिहिलेली चिठ्ठी लावावी. साय वर आली की दूध नासलं असं घरच्यांना वाटतं; तसं नाही, डबा हलकेच फिरवला की ते एकजीव होतं. गॅसवर उकळू नये, गरम पाण्याच्या भांड्यात डबा ठेवून कोमट करावं. आणि बाटली कशाला? आपल्या आज्यांनी बोंडल्याने आणि वाटी-चमच्याने पिढ्या वाढवल्या. ते धुवायलाही सोपं.

इतकं सगळं करायला काय लागतं? वेळ आणि आडोसा, एवढंच. इथपासून कायद्याची गोष्ट सुरू होते.

ही मागणी नवी नाही. १९१९ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय श्रम परिषद पहिल्यांदा भरली तेव्हा पाजणाऱ्या कामगार आईला कामाच्या वेळात दोनदा अर्धा-अर्धा तास मिळावा, असा करार झाला. भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून त्या परिषदेला ना. म. जोशी गेले होते. भारताने त्या करारावर मान्यतेची मोहोर कधी उठवली नाही. पुढे जोशींनी मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूती लाभाचं विधेयक १९२४ साली आणलं, तेही फेटाळलं गेलं. मग मुंबई इलाख्याने पुढाकार घेतला. १९२८ च्या जुलैत मुंबईच्या कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर या विषयावर बोलले. बाळंतपणाच्या आगेमागे आईला विश्रांती मिळण्यात देशाचं हित आहे, म्हणून या खर्चाचा भार सरकारने उचलला पाहिजे, आणि बाईच्या श्रमाचा फायदा घेणाऱ्या मालकानेही आपला वाटा दिला पाहिजे, असं त्यांनी मांडलं. १९२९ साली कायदा झाला. सोलापूर तेव्हा याच इलाख्यात होतं आणि इथल्या गिरण्यांत बायका मोठ्या संख्येने काम करत होत्या.

पण त्या बायकांच्या तान्ह्यांचं काय व्हायचं? मुंबईच्या गिरणगावात तरी त्याचं उत्तर ‘बाळागोळी’ हे होतं. अफूची गोळी. आई पाळीवर असेपर्यंत मूल निजून राहावं म्हणून ती दिली जाई. १९३१ साली अहवाल देणाऱ्या शाही श्रम आयोगालाही याची दखल घ्यावी लागली. गिरणीत पाळणाघर हवं ही कल्पना काही कौतुकातून आलेली नाही. ती या गोळीवरचा उतारा म्हणून आली. १९४८ च्या कारखाना कायद्यात पाळणाघराची सक्ती झाली, ती पन्नासपेक्षा जास्त बायका असलेल्या कारखान्यांना; पुढे १९७६ साली हा आकडा तीसवर आणला गेला.

सोलापूरच्या गिरण्यांचे भोंगे आता बंद झाले आहेत. जुनी गिरणी गेली, लक्ष्मी-विष्णू गेली, नरसिंगगिरजी गेली. राहिल्या त्या विडीवाल्या बायका. विडी कामगार बाईचं काम घरात चालतं. कारखान्यातून पान आणि तंबाखू आणायची, घरी सुपात घेऊन विड्या वळायच्या, दुसऱ्या दिवशी मोजून द्यायच्या. मांडीवर मूल आणि पुढ्यात सूप. तंबाखूची धूळ त्या मुलाच्या नाकातोंडात जाते, हात नीट धुतल्याशिवाय पाजू नये हे कळूनही प्रत्येक वेळी होत नाही. पण मूल रडलं की आई तिथेच असते. १९६६ च्या विडी आणि सिगार कामगार कायद्याने घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईलाही प्रसूती लाभ दिला होता. घरात काम करणाऱ्या बाईला कामगार म्हणणारा कायदा त्या काळात विरळाच.

या बायकांच्या मुली आणि सुना विडी वळायला नाखूश आहेत, आणि ते योग्यच आहे. त्या शिकल्या, त्यांना स्वच्छ काम हवं. नवी पेठेतलं दुकान हे असं स्वच्छ काम आहे. पण तिथे जाताना मूल मागे राहतं. कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत २००६ साली दहा हजार घरं उभी राहिली, रे नगरमधल्या पहिल्या पंधरा हजार घरांचा ताबा २०२४ च्या जानेवारीत दिला गेला. हक्काचं घर मिळालं, ही फार मोठी गोष्ट झाली. मात्र ही घरं शहराबाहेर आहेत. बाळ कुंभारीला आणि आई नवी पेठेत. शेअर रिक्षा वेळेवर मिळाली तरी पंधरा मिनिटांत जाऊन पाजून परत येणं कुणालाच शक्य नाही.

पंधरा मिनिटं हा आकडा मी का घेतला ते सांगतो. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात असं होतं, की कामावर परतलेल्या आईला, बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत, नेहमीच्या जेवणाच्या सुटीशिवाय दिवसातून दोनदा बाळाला पाजण्यासाठी वेळ द्यायचा. त्या वेळेची मजुरी कापायची नाही. किती वेळ, ते नियमांनी ठरवायचं. केंद्र सरकारने खाणी आणि सर्कशींसाठी १९६३ साली नियम केले, त्यात प्रत्येक वेळी पंधरा मिनिटं आणि पाळणाघर जवळ नसेल तर जाण्यायेण्यासाठी आणखी पाच ते पंधरा मिनिटं दिली आहेत. सर्कस ऐकून हसू येईल, पण झुल्यावरच्या बाईलाही तान्हं मूल असू शकतं हे त्या कायद्याच्या ध्यानात होतं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रम संहिता लागू झाल्या आणि १९६१ चा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. नाव बदललं, गाभा तोच आहे. पहिल्या दोन मुलांच्या वेळी सव्वीस आठवड्यांची पगारी रजा, जी २०१७ च्या दुरुस्तीने आली, ती कायम आहे. त्यासाठी आधीच्या बारा महिन्यांत ऐंशी दिवस काम झालेलं असावं लागतं. पाजण्यासाठीच्या दोन सुट्या कायम आहेत, पंधरा महिन्यांची मुदत कायम आहे, मजुरी न कापण्याची अट कायम आहे. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर हवं आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायला हवं, हेही कायम. ‘ती तर रोजंदारीवर आहे, कायम कुठे आहे’ असं मालक म्हणतात. दिल्ली महापालिकेच्या हजेरीपटावरच्या बायकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच याचं उत्तर दिलं आहे: प्रसूती लाभ रोजंदारीवरच्या बाईलाही आहे.

आता अडचण. हा कायदा दुकानांना लागू होतो तो दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तरच. नवी पेठेतून एक फेरी मारा आणि दुकानांतली माणसं मोजा. मोठी साड्यांची दालनं सोडली तर चार, पाच, सहा. म्हणजे ज्या पेठेत या मुली सगळ्यात जास्त दिसतात, तिथल्या बऱ्याच दुकानांत कायदा उंबऱ्यापाशीच थांबतो. दहाव्या माणसाला कामावर घेतलं की बाळाला भूक लागते आणि नऊच असले तर लागत नाही, असं काही आहे का? कायद्याला कुठेतरी रेघ मारावी लागते हे समजतं. पण ही रेघ जिथे मारली आहे तिथे सोलापूरचा बाजार जवळजवळ सगळा तिच्या पलीकडे पडतो.

दुसरी अडचण शब्दांची आहे. कायदा म्हणतो ‘बाळाला पाजण्यासाठी’. हे लिहिलं गेलं तेव्हा बाळ गिरणीच्या पाळणाघरात, हाकेच्या अंतरावर असेल असं गृहीत होतं. दूध काढून ठेवण्याचा, पंपाचा त्यात उल्लेख नाही. अमेरिकेत २०१० साली आणि मग २०२२ च्या डिसेंबरात अधिक व्यापक कायदा झाला, त्यात दूध काढण्यासाठी वेळ द्यावा, जागा आडोशाची असावी आणि ती संडास-बाथरूम नसावी, असं स्पष्ट लिहिलं आहे. पगारी बाळंतपणाच्या रजेच्या बाबतीत तो देश आपल्या फार मागे आहे, पण हे एक वाक्य त्यांच्याकडून घेण्यासारखं आहे. आपल्याकडे तोवर काय? माझं मत असं, की सुटी बाळाच्या पोषणासाठी आहे. बाळ समोर असो की दहा किलोमीटरवर, दूध त्यालाच जाणार आहे. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या दुकानातल्या बाईने या दोन सुट्या दूध काढण्यासाठी मागाव्यात, लेखी मागाव्यात, आणि अर्जाची एक प्रत आपल्याकडे ठेवावी. नाकारलं तर सहायक कामगार आयुक्तांचं कार्यालय सोलापुरात आहे.

दुकानदाराची बाजूही ऐकली पाहिजे. सव्वीस आठवड्यांचा पगार एकट्या मालकाच्या गल्ल्यातून जाणार असेल, तर तो पुढच्या वेळी नवं लग्न झालेल्या मुलीला कामावर घेताना दोनदा विचार करतो. हे उघड बोललं जात नाही, पण होतं. बाबासाहेबांनी १९२८ साली सरकारच्या वाट्याचा मुद्दा काढला होता तो याच जागी येऊन भिडतो. त्यातून निघायची एक वाट आहे, आणि ती फार कमी दुकानदारांना ठाऊक असते. कर्मचारी राज्य विमा योजनेत दुकान असेल आणि पगार महिना एकवीस हजारांच्या आत असेल, तर बाळंतपणाच्या सव्वीस आठवड्यांचे पैसे विमा महामंडळ देतं, मालक नाही. मालकाने भरायचे ते पगाराच्या सव्वातीन टक्के, कामगाराने पाऊण टक्का. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानालाही, मालक आणि बहुसंख्य कामगार राजी असतील तर, नव्या संहितेनुसार स्वखुशीने यात येता येतं. एकवीस हजारांच्या वरचा पगार दुकानातल्या विक्रेत्या मुलीला क्वचितच असतो, तेव्हा ही वाट त्यांच्यासाठीच आहे असं समजायला हरकत नाही. यातलं काहीच नसेल त्या बाईने निदान प्रधानमंत्री मातृवंदना योजनेची चौकशी अंगणवाडीत करावी. अटींत बसत असेल तर पहिल्या बाळाच्या वेळी पाच हजार रुपये मिळतात, दुसरी मुलगी झाली तर सहा हजार. सहा महिन्यांच्या पगारापुढे ही रक्कम किरकोळ आहे, पण हक्काची आहे.

राहिला आडोसा. महाराष्ट्राने या जागेला फार सुंदर नाव दिलं आहे, हिरकणी कक्ष. रायगडाचे दरवाजे बंद झाले म्हणून रात्री कडा उतरून तान्ह्याकडे गेलेल्या गवळणीची गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते. ती दूध विकायलाच गडावर गेली होती, म्हणजे कामावरच होती, हे मात्र सांगताना कुणी ठासून सांगत नाही. एसटी स्थानकांवर, सरकारी कार्यालयांत या नावाच्या खोल्या आहेत. पण नाव दिलं म्हणजे खोली झाली असं नाही. देवळालीच्या आमदार सरोज अहिरे डिसेंबर २०२२ मध्ये आपलं अडीच महिन्यांचं बाळ घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला आल्या, त्यांचं कौतुक झालं, तिथे हिरकणी कक्ष झाला. काही आठवड्यांनी मुंबईच्या अधिवेशनात त्याच आमदारांना कक्षातली धूळ आणि गैरसोय दाखवावी लागली. विधानभवनात आमदारबाईंची ही गत, तर दुकानातल्या मुलीने कुणाला सांगायचं? सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायमूर्ती नागरत्ना आणि न्यायमूर्ती वराळे यांच्या पीठासमोर आलेल्या याचिकेत, सार्वजनिक इमारतींत पाजण्यासाठी खोल्या आणि पाळणाघरं असावीत याकडे राज्यांनी लक्ष द्यावं, असं सांगितलं. दुकान ही सार्वजनिक इमारत नव्हे. तिथे ज्याचं त्याने बघायचं आहे.

आज ती मुलगी कुठे जाते? बऱ्याच छोट्या दुकानांत संडासच नसतो. इमारतीचा सामाईक असतो, त्याच्या दाराला कडी असेलच असं नाही. तिथे उभं राहून, एका हाताने दार धरून, दूध पिळून मोरीत सोडायचं. ठणका कमी होतो, दूध वाया जातं, आणि गाईची गोष्ट आठवा, अशा जागी ते पुरतं उतरतही नाही. पण तयार कपड्यांच्या प्रत्येक दुकानात एक खोली आधीच बांधलेली आहे. ट्रायल रूम. दार आहे, कडी आहे, दिवा आहे, बऱ्याचदा पंखाही आहे. नाही ते फक्त बसायला. एक स्टूल, एक खुंटी, बाहेर हात धुवायला साबण आणि पाण्याची सोय, एवढं ठेवलं की काम झालं. दुपारी दोन ते चार बाजार जरा थंड असतो, तेव्हा वीस मिनिटं एक ट्रायल रूम अडली तर गिऱ्हाईक परत जात नाही. जेवणाची सुटी धरून दिवसातून तीनदा ती बसू शकली, तर मघाशी सांगितलेलं तीनशे मिलिलिटर निघतं. दिवाळीच्या आणि लग्नसराईच्या गर्दीत हे अवघड होणार, तेव्हा तिच्या जागी कोण उभं राहणार हे आधी ठरवून ठेवावं लागेल. दुसरी मुलगी असतेच. बहुतेकदा त्या आपसात ठरवून घेतात, मालकाने फक्त मान हलवायची असते.

चपलांच्या किंवा मोबाइलच्या दुकानात ट्रायल रूम नसते. त्यांच्यासाठी एकत्र येणं बरं. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात एका किलोमीटरच्या आतल्या आस्थापनांनी मिळून एक सामाईक पाळणाघर चालवण्याची सोय ठेवलेली आहे, आणि सामाजिक सुरक्षा संहितेतही अनेकांनी पैसे एकत्र करून ते करावं याला मुभा आहे. ही सोय पन्नासच्या वरच्यांसाठी लिहिलेली असली तरी चार-पाच माणसांच्या दुकानांनी तसं करू नये असं कुठे म्हटलेलं नाही. नवी पेठेच्या मध्यावरून एक किलोमीटरचं वर्तुळ काढलं तर त्यात केवढा बाजार येतो ते सोलापूरकराला ठाऊक आहे. एवढ्या दुकानांनी मिळून एखाद्या इमारतीतली वरच्या मजल्यावरची एक खोली घेतली, त्यात दोन खुर्च्या, बेसिन, छोटा फ्रिज आणि पडदा ठेवला, तर प्रत्येकाच्या वाट्याला येणारा महिन्याचा खर्च चहाच्या बिलाएवढासुद्धा नसेल. पाळणाघर पुढे बघता येईल. त्याला सांभाळणारी बाई लागते, जबाबदारी येते. दूध काढायच्या खोलीला माणूस लागत नाही.

व्यापारी मंडळींपुढे हा विषय काढला की पहिला प्रश्न येईल तो भाड्याचा. भाड्याचं जमतं. या खोलीचा निकाल लागेल तो किल्लीवर. मालकाकडे किल्ली ठेवली तर दिवसातून तीनदा ती मागायला कुठलीच मुलगी जाणार नाही, आणि सहा महिन्यांत तिथे खोकी भरलेली दिसतील. किल्ली पेठेतल्याच एखाद्या जुन्या, वयाने मोठ्या विक्रेतीकडे द्यावी, जिला सगळ्या जणी ‘अक्का’ म्हणतात.